अक्कांची दोन मिनिटं

चंद्रकला अक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या डोक्यावर तूरडाळीचं एक किलोचं पाकीट होतं. पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला येऊन मी बसवनगुडीतल्या त्या इमारतीत नुकतीच राहायला लागले होते आणि गॅसवाल्याचा नंबर मागायला खालच्या मजल्यावरची बेल वाजवली होती. दार उघडलं ते साठीतल्या एका बाईंनी. इरकली साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि त्याच्या वर डाळ. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं, डायरीत नंबर शोधून कागदावर उतरवून दिला, आणि या सगळ्यात पाकीट जागचं हललं नाही. "शनिवारी स्पर्धा आहे," एवढंच त्या म्हणाल्या. तेवढ्यावरून मला सगळं कळलं असणार, असं त्यांनी धरलं होतं.

स्पर्धा म्हणजे सौंदर्यस्पर्धा. अक्का साठाव्या वर्षी पहिल्यांदा उतरल्या, आणि तेव्हापासून आपल्या वयाच्या बायकांसाठी बंगळूरमध्ये जिथे कुठे रॅम्प टाकला जाईल तिथे त्या हजर. साडीचं दुकान असो, मंगल कार्यालय असो, नाहीतर गणपतीचा मांडव. दहा स्पर्धा झाल्या, पहिला नंबर एकदाही आला नाही. मिळाले ते पट्टे. हे पट्टे त्या कपाटात जपून वगैरे ठेवत नसत. 'बेस्ट स्माइल'ने माळ्यावरची गादी बांधली होती, 'बेस्ट वॉक'ने बैठकीतला पडदा, आणि 'मिसेस फोटोजेनिक' पापडांच्या डब्याला गुंडाळला होता, कारण त्याचं झाकण नीट बसत नसे.

सौंदर्यस्पर्धांबद्दल माझं मत पक्कं होतं आणि ते मी कुणी विचारायची वाट न बघता सांगत असे. बायकांना रांगेत उभं करायचं आणि मार्क द्यायचे, हा काय प्रकार आहे? अक्कांनी माझं भाषण एकदा शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सरी. बोललीस छान. पण खांदे बघ तुझे. एवढं बरोबर बोलतेस तर स्वल्प सरळ उभी राहून बोल की."

सरी म्हणजे बरं, आणि स्वल्प म्हणजे जरासं. अक्कांचं घराणं काही पिढ्या नव्हे, काही शतकांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड कुठून सुरू होतं हे त्यांनाही सांगता येत नाही. "स्वल्प सरळ" हे त्या फुलवालीला म्हणत, इस्त्रीवाल्याला म्हणत, मीटर बघायला येणाऱ्या माणसाला म्हणत. एकदा कोपऱ्यावरच्या वाकड्या नारळालाही म्हणताना मी ऐकलं आहे.

त्यांचा दुसरा लाडका शब्द म्हणजे फायदा. स्पर्धेत भाग घ्यायचे फायदे त्या कुठेही, कुणालाही सांगू शकत. बँकेत पाऊण तास रांगेत उभ्या राहिल्या आणि पाय दुखले नाहीत, तर "हा बघ फायदा." नुसता हात वर करून रिक्षा थांबवली, तर "हा बघ फायदा." एकदा गांधी बाजारात उखडलेल्या फूटपाथवर पाय अडकून त्या चांगल्या सपशेल पडल्या. उठल्या त्या हसतच उठल्या, डावीकडे नमस्कार केला, उजवीकडे केला आणि पिशवी उचलून चालू लागल्या. "पडलं की आधी चेहरा उचलायचा, मग बाकीचं," त्या मला म्हणाल्या. "घरी बसून कोण शिकवतं हे? आणि दुसरीला नंबर मिळाला की मनापासून टाळ्या वाजवायच्या. तेही तिथेच शिकले मी." नंतर आठवडाभर त्या लंगडत होत्या, पण ते लंगडणंही ठेक्यात होतं.

मी पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात व्हॉल्व्हची ड्रॉइंग काढते. ड्रॉइंग माझी, पण मीटिंगमध्ये ती समजावून सांगणार आमचे साहेब, कारण उभी राहिले की माझा आवाज पोटातच राहायचा. हे मी एकदा अक्कांपाशी बोलून गेले आणि फसले. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला गच्चीवर माझी शिकवणी. मला डोक्यावर ठेवायला मूगडाळ मिळाली, अर्धा किलो. तूर मागितली तर म्हणाल्या, "नवीन माणसाला मूग. तूर नंतर." महिनाभर मी पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या घातल्या. समोरच्या गच्चीवरचे आजोबा खुर्ची घेऊन बसू लागले. "तीन श्वास घ्यायचे," अक्का शिकवत, "मग शेवटच्या ओळीच्या वरचा पंखा बघायचा, मग तोंड उघडायचं."

पुढच्या मीटिंगला मी उभी राहिले, तीन श्वास घेतले. पंखा नव्हता, एसी होता, मी एसीकडे बघितलं. आणि माझं ड्रॉइंग मी स्वतः समजावून सांगितलं. साहेब इतके गोंधळले की त्यांनी मलाच पाणी ओतून दिलं. घरी येऊन मी अक्कांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी "फायदा" एवढाच शब्द उच्चारला आणि रात्री माझ्या त्या मूगडाळीची खिचडी करून वर पाठवली.

यानंतर तत्त्व सांभाळत बसणं मला शोभलं नसतं. आधीच्या दहांपैकी एकाही स्पर्धेला मी गेले नव्हते. अकराव्या स्पर्धेला मी आपणहून बरोबर निघाले.

अक्कांची तयारी बघण्यासारखी होती. साडी दहा मिनिटांत ठरली, पण 'परिचय' नावाच्या फेरीसाठी त्या महिनाभर खपत होत्या. या फेरीत प्रत्येकीच्या हातात माईक देतात आणि म्हणतात, स्वतःबद्दल दोन मिनिटं सांगा. अक्का दर स्पर्धेला नवा परिचय तयार करत. कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या पाठीवर लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत. मी वाचायला मागितला तर पान उलटं करत. "असा नाही. माईकवर ऐक."

रविवारी दुपारी मंगल कार्यालयात आम्ही वेळेवर पोचलो. रंगपटात अक्कांनी स्वतःचं आवरून बाकीच्या आठजणींच्या निऱ्यांना पिना लावल्या आणि एका घाबरलेल्या बाईंना तीन श्वास शिकवले. मग सगळेजण वाट बघत बसलो, कारण प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. संध्याकाळी त्याच हॉलमध्ये कुणाचा तरी साखरपुडा होता. निवेदकाने जाहीर केलं की वेळेअभावी परिचयाची फेरी रद्द, एकदम वॉकच घेऊ.

अक्का निवेदकाकडे गेल्या. "दोन नको," त्या म्हणाल्या, "एकच मिनिट द्या." तो घाईत होता. "टाइम इल्ला अक्का," म्हणजे वेळच नाही, एवढं बोलून तो निघून गेला. हातातला कॅलेंडरचा कागद त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवला.

मग त्या चालल्या. काय चालल्या म्हणून सांगू. आणि अकराव्या खेपेला, सगळ्यांत शेवटी, अक्कांचा पहिला नंबर आला. पाहुण्यांनी डोक्यावर मुकुट ठेवला. बायकांना मार्क द्यायला विरोध असलेल्या मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवली. अक्का हसल्या, हात हलवला, सगळं रीतीप्रमाणे केलं.

रिक्षात मात्र त्या बाहेर बघत बसल्या. मुकुट तसाच डोक्यावर. घरी आल्यावर दार न उघडता त्या बाहेर जिन्याच्या पायरीवर बसल्या, आणि मी त्यांचे खांदे पहिल्यांदा वाकलेले बघितले.

"जिंकलात की हो अक्का," मी म्हटलं. "मग असं काय?"

"मुकुटाचं काय एवढं," त्या म्हणाल्या. "डाळ जड असते याच्यापेक्षा." मग बोलल्या, "घरात मला दिवसभर प्रश्न विचारतात गं. किल्ली कुठे, चष्मा कुठे, इस्त्रीचे कपडे आले का. सगळी चांगली आहेत हं, तक्रार नाही. पण माझ्याबद्दल कुणी काही विचारत नाही. त्यांना वाटतं, सगळं माहीतच आहे. तिथे माईक देतात आणि म्हणतात, तुमच्याबद्दल सांगा. शंभर माणसं गप्प बसून ऐकतात. त्या दोन मिनिटांसाठी जाते मी. आज तेवढंच राहिलं."

मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. बायकांविषयी इतकी मतं असलेली मी चार वर्षं या बाईंच्या डोक्यावर राहत होते. मी त्यांना गॅसवाल्याचा नंबर विचारला, प्लंबरचा विचारला, सांबाराचं प्रमाण विचारलं. त्यांच्याबद्दल मी तरी कुठे काही विचारलं होतं?

मी दोन पायऱ्या खाली उतरले, त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले आणि पाण्याची बाटली माईकसारखी पुढे धरली. "स्पर्धक क्रमांक सात," मी म्हटलं, "आपल्याबद्दल सांगा."

अक्कांनी आधी माझ्याकडे, मग बाटलीकडे बघितलं. मग उठल्या. पदर सारखा केला, बाटली हातात घेतली, तीन श्वास घेतले. कागद काही काढला नाही, त्यांना पाठ होता.

"नमस्कार. मी चंद्रकला. माझं लहानपण यशवंतपूरला, स्टेशनजवळ गेलं. नुसत्या आवाजावरून मी गाडी ओळखायची. मालगाडी कोणती, मेल कोणती, कधी चुकले नाही. मला इंजिन चालवायचं होतं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही."

तेवढ्यात जिन्यावरून त्यांचा मुलगा श्रीधर आला. चांगला मुलगा आहे, आयटीत आहे. हातात पावाच्या लाद्या, कारण त्यांच्याकडे दर रविवारी पावभाजी असते. त्याने मुकुट बघितला. "अरे वा आई, जिंकलीस? मस्त. लोणी आहे ना गं फ्रीजमध्ये?"

अक्कांनी रिक्षा थांबवतात तसा हात वर केला. "थांब. माझी दोन मिनिटं चाललीत."

श्रीधरने माझ्याकडे बघितलं. मी तोंडावर बोट ठेवलं. तो पाव मांडीवर घेऊन पायरीवर बसला.

"आणखी सांगायचं म्हणजे," अक्का बाटलीत बोलल्या, "मला पावभाजी आवडत नाही."

 श्रीधरने हातातल्या लाद्यांकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "कधीपासून?"

अक्का हसल्या. 'बेस्ट स्माइल'वालं हसणं वेगळं, हे हसणं मी आधी कधी बघितलं नव्हतं. "चांगला प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. तीन श्वास घेतले, पंखा शोधला नाही, सरळ लेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि उत्तर द्यायला लागल्या.

दोन मिनिटं केव्हाच संपली होती. मी घड्याळ बघणं सोडून श्रीधरच्या शेजारी जाऊन बसले.