ईश्वरीची सूचना आणि माझी सुधारणा

आमच्या ईश्वरीला तिसरीच्या उन्हाळी सुटीत लेखनाचा अभ्यास दिला होता. त्यातला पहिलाच उपक्रम : ‘उन्हाळ्यात उपयोगी पडेल अशी सूचना लिहा, दारावर लावा आणि फोटो पाठवा.’

तिनं लिहिलं, ‘आज पाणी येणार आहे.’

“एवढीच?” मी म्हणालो. (मी कचेरीत आवक-जावक कारकून. पोरीची सूचना अर्ध्या ओळीची निघाली तर माझी अब्रू काय राहील?) “वजन पाहिजे त्यात!”

मग मी ऑफिसातून रीतसर टाईप करून प्रिंटच आणली : ‘सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, आज सायंकाळी ठीक सहा वाजता नळास पाणी सुटणार आहे. तरी साठवलेले जुने पाणी वापरून टाकावे. आज्ञेवरून.’

दुपारी जेवायला आलो तेव्हा ती फाटकावर डकवली, फोटो काढला आणि परत ऑफिसला गेलो. कागद मात्र तिथंच राहिला.

साडेपाचला परतलो, तर पडेगावातली आमची गल्ली ओलीचिंब! शेजारच्या द्वारकाकाकूंच्या सहा गोधड्या तारेवर निथळत होत्या. समोरचे हैदरभाई कूलर उघडून धूत होते.

“कडूबाभाई, ड्रम लावा लवकर!” ते ओरडले. “छे बजे पाणी येतंय!”

“कोण म्हणालं?”

“तुमच्याच फाटकावर ऑर्डर हाय ना!”

 आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, आणि पाळीला अजून चार दिवस होते. मी घरात धावलो. म्हटलं, निदान आपली टाकी तरी भरलेली असेल.

माझी बायको आशा टाकीच्या आत उभी राहून तळ घासत होती.

“बरं झालं आलात,” ती म्हणाली. “लई दिवसांनी घासून निघाली बघा ही.”

“आशा, ती सूचना... खोटी आहे. अभ्यासाची आहे.”

टाकीतला ब्रश थांबला. “आज्ञेवरून लिवलंय की खाली! कुणाची आज्ञा?”

“माझी.”

तोवर द्वारकाकाकू दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. “आता सांजच्याला भात कशात शिजवू मी? तुमच्या सूचनेत?”

हैदरभाईंची बहीण नजमाआपा दोन गल्ल्या पलीकडं राहते. तिच्या बोअरला पाणी होतं, म्हणून निभावलं. स्कूटरवर दोन-दोन कॅन बांधून मी सगळ्या गल्लीला पाणी पुरवलं. आपा दर खेपेला हसू दाबत पाइप हातात द्यायची. अकराव्या खेपेला माझी कंबर धरली. 

जूनमध्ये शाळा उघडली. ‘सुटीतली एक गंमत’ या विषयावर ईश्वरीनं हा सगळा प्रकार जसाच्या तसा लिहिला. वही तपासून आली. मी आशासमोर बाईंचा शेरा मोठ्यानं वाचला :

‘लेखन छान. पण गोष्टीतले बाबा फारच वेंधळे दाखवले आहेत. असा माणूस खरा वाटत नाही.’

“बघ!” मी म्हणालो.

आशा ईश्वरीला म्हणाली, “पालकसभेला बाबांनाच ने गं. बाईंचा गैरसमज दूर होईल.”