गुलाबी दाढेच्या बदल्यात

"उभ्या जन्मात चुकीची दाढ उपटलेली नाही मी!"

चार माणसं जमली की दातांचे डॉक्टर हे वाक्य ऐकवायचेच. आणि खोटं नव्हतं ते. चुकीची दाढ त्यांनी खरंच कधी उपटली नाही. चुकीचा डबा मात्र उघडला, आणि मग जे रामायण झालं ते ऐका!

डॉक्टरांचं घर आणि दवाखाना एकाच छपराखाली. पुढच्या खोलीत खुर्ची, दिवा आणि घाबरलेली माणसं. मधलं दार ढकललं की जेवणाचं टेबल आणि टेबलाशी डॉक्टरांची बायको. तिला छंद चिमुकल्या चित्रांचा. पत्त्याच्या पानाएवढा जाड कागद घ्यायचा, त्यावर रंगवायचं, चिकटवायचं, वेळ पडली तर सुईदोऱ्याने टीपसुद्धा घालायची. आणि तयार झालेलं कार्ड दुसऱ्या कुणाच्या कार्डाशी बदलायचं. विकायचं नाही, फुकट द्यायचं नाही, निव्वळ अदलाबदल! तू मला तुझी मांजर दे, मी तुला माझी खिडकी देते. मागे सही करायची तीही कार्ड हातातून सुटताना, त्याआधी नाही. फार कडक मंडळी ती.

डॉक्टरांच्या लेखी ही सगळी चिटोरी.

"अगं, एवढ्याशा चिटोऱ्यावर तीन-तीन दिवस? तेवढ्यात मी अख्खी कवळी बसवतो!"

"बसवा की," बायको मान वर न करता म्हणायची. "आणि ती कवळी कुणी बदलून घेतंय का तेही बघा."

तर झालं असं, की एका सोमवारी दवाखान्यातली पुढच्या भेटीची कार्डं संपली. छापखानेवाला पंधरा दिवस 'उद्या नक्की' म्हणत होता. मदतनीस बाई रजेवर. बाहेर पेशंट गाल धरून बसलेले. डॉक्टरांनी मधल्या दारातून मान घातली, "अगं, कोरी कार्डं आहेत का तुझ्याकडे?"

बायको बाजारात गेलेली. फळीवर बिस्किटांचे दोन सारखे डबे. डॉक्टरांनी हाताला लागला तो उघडला. आत पांढरीशुभ्र कार्डं, नेमकी दवाखान्याच्याच मापाची! असणारच, कागद एकाच छापखान्यातून यायचा. डॉक्टरांनी गठ्ठा उचलला आणि कामाला लागले. 'शुक्रवार, साडेपाच, दाढ काढणे.' 'गुरुवार, चार, चांदी भरणे.'

आता, रंग घासू नयेत म्हणून बायको तयार कार्डं डब्यात पालथी ठेवते, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? चिटोऱ्यांकडे कधी नीट बघितलं असेल तर ना!

त्या दिवशी जो तो कार्ड हातात घेऊन दारातूनच ओरडायचा, "वा डॉक्टर! काय सुंदर!" "कमाल आहे हो तुमची!" डॉक्टरांना वाटलं, आज आपला हात काय बसलाय! छाती फुगवूनच ते दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसले.

"रविवारी लंबू येतेय," बायको म्हणाली. तिचा आवाज इतका खुशीत होता, की डॉक्टरांनीही हसून मान डोलावली.

लंबू म्हणजे बायकोची शाळेपासूनची मैत्रीण. ही बुटकी, ती लंबू. दोघींनी आयुष्यभर एकमेकींना कार्डं धाडली. पण गेल्या काही वर्षांत लंबूची नजर गेली. आता उजेड-अंधार तेवढा कळायचा. अगदी विझत आलेल्या नजरेने, कागदाला नाक लावून, तिने शेवटचं एक कार्ड रंगवलं होतं. शाळेच्या बाकावर दोन मुली. उंच मुलीचे पाय जमिनीला टेकलेले, बुटकीचे अधांतरी लटकलेले. सही करायला गेली तर पेन कुठे टेकतंय तेच कळेना, म्हणून मागची बाजू कोरीच राहिली. आणि बदल्यात तिने काही घेतलंही नाही. "दिसणारच नाही तर घेऊन करू काय?" म्हणाली. त्या दिवशी बायको फार रडली होती, हे मात्र डॉक्टरांना आठवत होतं.

"तिच्यादेखत ते बाकाचं कार्ड चौकटीत बसवायचंय मला," बायको म्हणाली. "चौकट आणलीय. कार्ड त्या डब्यात ठेवलंय, माझ्या नव्या कार्डांबरोबर."

"कुठल्या... डब्यात?"

बायकोने फळीकडे बोट दाखवलं. सोमवारी उघडलेला तोच डबा!

सांगून टाकायला हवं होतं, कबूल! पण दिवसभर लोकांना "आ करा, आ करा" सांगणाऱ्या माणसाचं स्वतःचं तोंड काही उघडेना. पाणी प्यायले, चपला घातल्या आणि निघाले. रविवारच्या आत कार्ड आणायचं, बायकोला पत्ता लागू द्यायचा नाही, झालं!

पहिल्या गाठल्या शिंपीणबाई. त्यांनी त्यांचं कार्ड शिलाई मशीनसमोर टाचणीने लावलं होतं. डॉक्टरांनी वाकून पाहिलं. बाक नव्हता, किटली होती. पण बायकोची ना! तीही परत हवीच.

"चुकून दिलं हो ते. परत देता का?"

"ते कसं? वहिनींचा नियम ठाऊक आहे मला. बदल्यात काय देता?"

"दातांची सफाई करून देतो. फुकट!"

"फुकट चालत नाही हो!" शिंपीणबाईंनी कात्री आपटली. "तुमच्या हातचं कार्ड आणा."

डॉक्टर दवाखान्यात आले, दार लावून बसले आणि मांजर काढली. बघतात तर कान फुटलेली पिशवी! घोडा काढला, त्याचं टेबल झालं. पेन्सिलीशी डॉक्टरांचं जन्माचं वैर. वैतागून त्यांनी ती फेकली, आणि हात आपसूक कवळीच्या मापासाठी लागणाऱ्या गुलाबी मेणाकडे गेला. मेण तापवलं, कार्डावर थापलं, बारीक सुरीने कोरलं. काय झालं? दाढच झाली! पण अशी दाढ, की चार उंचवटे, मधल्या खाचा, खाली दोन मुळं, सगळं जागच्या जागी. बोट फिरवलं तर हाताला लागावी अशी उठावदार.

"अय्या, दाढ!" शिंपीणबाई हरखल्या. "कित्ती गोड! हिला एक छत्री द्या ना."

छत्री दिली. किटली परत आली. गणिताच्या बाईंना सायकलवर बसलेली दाढ हवी होती. दोन्ही चाकं अगदी गोल पाहिजेत म्हणाल्या, कंपास लावून तपासली त्यांनी! पोस्टमनला पळणारी दाढ हवी होती. बुधवार-गुरुवारपर्यंत गावभर बोभाटा झाला. दवाखान्यात अशी माणसं यायला लागली, की ज्यांचे दात ठणठणीत.

"कुठे दुखतंय?"

"दुखत नाही हो. दाढ हवीय. झोपलेली, पांघरूण घेतलेली."

डॉक्टर वरवर कपाळाला हात लावायचे. पण गंमत सांगू? दार बंद करून सुरी हातात घेतली, की ते चक्क शीळ घालायचे! एकेक करून बायकोची सगळी कार्डं डब्यात परत आली. बाकावरच्या दोघींचा मात्र पत्ता नाही.

राहिला एकच पेशंट. व्यायामशाळेचे सर. दंड एवढे, की बाही शिवताना शिंपीणबाई कापड वाढवून मागायच्या. आणि सुई बघितली की हाच माणूस आडवा! शुक्रवारी दाढ काढायला यायचं होतं, फिरकलेच नाहीत. शनिवारी डॉक्टर स्वतः व्यायामशाळेत धडकले. सर दिसताक्षणी वजनांच्या मागे लपले. आता तो देह लपून लपणार किती?

"मी दाढेसाठी नाही आलो हो! कार्ड द्या फक्त."

सरांनी खिशावर हात दाबला. "हे नाही देणार, डॉक्टर."

"सायकलवरची दाढ देतो. जहाजावरची देतो!"

"दाढेचं नाव नका काढू!" सर कळवळले. मग हळूच कार्ड बाहेर काढून म्हणाले, "रोज निघतो हो तुमच्याकडे यायला. कोपऱ्यावरून परत फिरतो. मग ह्या दोघींकडे बघतो. ही छोटी बघा. हिचे पाय जमिनीला टेकत नाहीत, पण भ्यायलीय का? नाही. शेजारी ही आहे ना!"

डॉक्टरांनी ते चित्र जन्मात पहिल्यांदा नीट पाहिलं.  मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली. सरांचे डोळे भरून आले.

"मग द्यायलाच हवं," ते म्हणाले. "पण एक करा. दाढ काढताना हे माझ्या हातात असू द्या. काढून झाली की लगेच तुमचं."

ठरलं! रविवारी सकाळी. लंबू दुपारी यायची होती, म्हणजे वेळच वेळ.

पण लंबूला आधीची बस मिळाली! इकडे सर खुर्चीत, मुठीत कार्ड, डोळे घट्ट मिटलेले; डॉक्टरांनी दाढ चिमट्यात धरलेली; आणि तिकडे मधलं दार उघडलं. दारात बायको, आणि तिचा दंड धरून लंबू.

"अगं बाई, कोण एवढं ओरडतंय?" लंबूने विचारलं.

"आली!" डॉक्टर किंचाळले. दाढ आली, की लंबू आली, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

सरांनी मूठ उघडली. कार्ड घामाने ओलं, मधोमध चुणी पडलेली. दोन्ही मुली शाबूत होत्या, बाकाला मात्र आडवा वळ.  एका दमात, श्वास न घेता डॉक्टरांनी सगळं ओकून टाकलं. डबा, तारखा, मेण, दाढा, सगळं.

लंबूने हात पुढे केला. कार्डावरून, त्या चुणीवरून सावकाश बोट फिरवलं.

"कुणाच्या मुठीत होतं?"

"माझ्या," तोंडात कापूस घेऊन सर पुटपुटले.

"भीती वाटत होती?"

"खूप."

"आणि हे धरल्यावर?"

"कमी."

लंबू एकदम हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "बुटके, ऐकलंस? मला वाटायचं, माझं शेवटचं कार्ड तू चौकटीत टांगणार, मेलेल्या माणसाच्या फोटोसारखं. आणि ते बघ, दाढ काढून आलं!"

डॉक्टरांनी चोरट्या नजरेने बायकोकडे पाहिलं.

"मला बुधवारीच कळलं होतं," बायको म्हणाली. "शिंपीणबाई छत्रीवाली दाढ दाखवायला आल्या. डबा उघडून बघितला आणि रडले मी. मग तुम्हाला फैलावर घ्यायला इथे आले, तर तुम्ही नाकाला मेण लावून, जीभ बाहेर काढून दाढेला सायकलवर बसवत होतात! तोंडाने शीळ! म्हटलं, थांबू या रविवारपर्यंत."

"आणि मिळालं नसतं तर?"

"तर तुमची एकही दाढ जागेवर ठेवली नसती!"

डॉक्टर कपाटाशी गेले आणि एक कार्ड घेऊन आले. बाकाचं कार्ड हाती लागलंच नाही तर निदान हे पुढे करू, म्हणून त्यांनी ते जीव ओतून केलं होतं. ते त्यांनी लंबूच्या हातावर ठेवलं.

"लंबूताई, तुमच्या कार्डाच्या बदल्यात घ्यायचं राहिलं होतं ना? हे बघा... म्हणजे, हात लावून बघा."

लंबूची बोटं मेणावर टेकली. "बाक," ती म्हणाली. बोटं पुढे सरकली. "ही उंच, टोकदार. ही मी."

"टोकदार तर तू होतीसच," बायको म्हणाली.

"आणि ही शेजारी बुटकी. दोन पाय... अगं, लटकतायत! जमिनीला टेकत नाहीत!" किती दिवसांनी लंबूने एक चित्र 'पाहिलं' होतं. बायकोने तिला घट्ट मिठी मारली. सर कापूस चावत हुंदके देऊ लागले.

"पण डॉक्टर," लंबूने पुन्हा बोट फिरवलं, "बुटकीच्या डोक्यावर हा फ्लॉवरचा गड्डा का हो ठेवलाय?"

चार उंचवटे! मधल्या खाचा! डॉक्टरांच्या ओठांवर आलं होतं, 'अहो, तुम्ही सुळा, आणि दाढ आहे ती!' पण बायकोने डोळे वटारले, आणि त्यांनी वाक्य गिळलं.

"अंबाडा आहे तो," ते पडेल आवाजात म्हणाले.

"सही करा बरं आता. नियम म्हणजे नियम!" लंबूने कार्ड पुढे केलं.

डॉक्टरांनी पेन काढलं, कार्ड पालथं केलं आणि झरझर सही ठोकली. हाडात मुरलेली सवय! बायकोने डोकावून पाहिलं आणि तोंडावर हात दाबला.

"काय लिहिलंय गं?" लंबूने विचारलं.

"सही आहे," बायको म्हणाली, "आणि खाली लिहिलंय, 'सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला येणे.'"

"येईन की!" लंबू म्हणाली.