चौदा नंबरचं बोट

माझ्या बायकोचं बोट मला खोटं माप देतं आणि समोरच्या दारातल्या उंबरजेला खरं देतं. बोट डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं. बाकीची नऊ बोटं सरळ आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

मी बार्शीत चाळीस वर्षं नळ जोडले. शाळा चौथीपर्यंत. पाऊण इंची पाइप डोळे मिटून चाचपला तरी सांगतो. लोंढ्यांचं माप चुकलं असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

शुक्रवारी लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. लग्नात अंगठी झाली नव्हती, ती आता करायची ठरली. वेदपाठक सोनार म्हणाला, "माप घरीच घ्या. दुकानात बोटं बुजतात. बोटाच्या मुळाशी दोरा गुंडाळा, टोक भिडेल तिथं शाईची खूण करा, मग दोरा पट्टीवर सरळ धरा. जितके मिलिमीटर भरतील त्यातून चाळीस वजा करा, तो नंबर. सकाळी घेऊ नका, गारठ्यानं बोट बारीक असतं. संध्याकाळी घ्या. तीनदा घ्या."

मग त्यानं एक चिठ्ठी दिली. वर मापाची जागा, खाली माप घेणाऱ्याच्या सहीची.

"ज्याची सही, त्यानंच अंगठी घालायची," तो म्हणाला. "दुसऱ्यानं घातली तर पेरावरून पुढे जात नाही."

"दुसरा कोण घालणार?"

"काही घरांत घालतात," वेदपाठक म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

सोमवारी संध्याकाळी मी दोरा गुंडाळला. एकोणपन्नास मिलिमीटर. पुन्हा गुंडाळला. त्रेसष्ट. तिसऱ्यांदा सत्तावन्न.

"ताणताय तुम्ही," बायको म्हणाली. "मी काय नळ आहे का?"

"हात हलवू नकोस."

"हात हलत नाही. बोटालाच द्यायचं नाही." तिनं दाराकडे तोंड करून हाक मारली. "उंबरजे भावजी, जरा येता का?"

उंबरजे दारातच होता. हा माणूस बँकेत शिपाई होता, आता निवृत्त आहे. बायको वारलेली, मुलगा-सून पुण्याला. केसांना कलप लावतो. त्यानं वर्तमानपत्राची बारीक पट्टी कापली आणि म्हणाला, "द्या वहिनी हात."

तिनं दिला.

चोपन्न. चोपन्न. चोपन्न. चौदा नंबर.

"कसं ऐकतं बघा," उंबरजे म्हणाला.

"हात सोडा आता."

"शाई वाळू द्या की, लोंढे."

मंगळवारी मी एकट्यानं पुन्हा माप घेतलं. एकाहत्तर भरलं. एवढा माझा अंगठासुद्धा नाही. बायको खिडकीबाहेर बघत होती.

शेवटी उंबरजेनं सही केलेली चिठ्ठी घेऊन दुकानात गेलो. वेदपाठकनं चष्मा लावून ती वाचली.

"ठीक आहे. शुक्रवारी उंबरजे अंगठी घालतील. हार तुम्ही घाला, त्याला हरकत नाही."

"बायको माझी आहे."

"ते बरोबर आहे. पण माप त्यांना मिळालंय." त्यानं चष्मा काढला. "लग्न होऊन घरात आल्या तेव्हा वहिनींनी माप ओलांडलं होतं का? दारात तांदळाचं माप, उजव्या पायानं?"

मी आठवलं. आई तेव्हा नव्हती. आम्ही दुपारच्या एसटीनं आलो. मी कुलूप काढलं आणि कामावर गेलो, एक पाइप फुटला होता. दार उघडं होतं. ती आत आली असणार.

"नाही," मी म्हणालो.

"मग दुसरीकडे कुठे ओलांडलं ते विचारा. ज्या घराचं माप ओलांडलं, त्या घराला बोट माप देतं. वहिनी तुमच्याकडे राहतात, ती गोष्ट वेगळी."

घरी येऊन विचारलं. ती मेथी निवडत होती.

"उंबरज्यांची सून आली तेव्हा," ती म्हणाली. "आठ वर्षं झाली. मी ओवाळायचं ताट घेऊन त्यांच्या घरात चालले होते, दारातल्या मापाला पाय लागला."

"कुठला?"

"उजवा."

"तांदूळ कुठं सांडले?"

"आतल्या बाजूला."

"आणि हे तू मला आठ वर्षं सांगितलं नाहीस."

"तांदूळ सांडल्याचं कोण सांगत बसतं? लगेच भरून ठेवलं. सूनबाईनं ओलांडलं, फोटो निघाले, जेवणं झाली."

त्या जेवणात मी तीन जिलब्या खाल्ल्या होत्या. त्या घराला माझ्या बायकोचं माप लागू झाल्यावर, त्याच पंगतीत.

बुधवारी वेदपाठकनं उपाय सांगितला. आमच्या दारात माप ठेवायचं, तिनं बाहेरून आत यायचं. मात्र आपणहून. ओढून आणलेलं धरत नाहीत. उंबरजे म्हणाला, माझ्याकडचं माप घेऊन जा, पितळी आहे. मी बाजारातून नवं आणलं. काठोकाठ तांदूळ भरले, वरून पट्टी फिरवली, उंबरठ्यावर ठेवलं. गुरुवारचे पाच वाजले होते.

"बाहेर जा आणि आत ये," मी म्हणालो.

ती मापाला वळसा घालून बाहेर गेली. वळली. उभी राहिली.

"काय झालं?"

"बघतेय."

"काय?"

"घर. मागच्या वेळी बघितलं नव्हतं."

उंबरजेनं आपल्या दारातून खुर्ची आणली. "बसा वहिनी. घाईनं ठरवायची गोष्ट नाही."

ती बसली. जिन्यात वरच्या मजल्यावरची माणसं थांबली. कोणी हसलं नाही.

"पाण्याची सोय काय आहे?" तिनं मला विचारलं.

"नळ आहे. माहीत आहे तुला."

"स्वयंपाकघरातला गळतो. सात वर्षं झाली."

"वहिनी, आमचे तिन्ही नळ कोरडे आहेत," उंबरजे म्हणाला. "ह्यांनीच बसवलेत."

मी आत गेलो. पान्हा काढला, नळ खोलला, नवा वायसर घातला, आटे घट्ट केले. दहा मिनिटांचं काम होतं. परत आलो तर तिच्या हातात उंबरजेची कपबशी होती.

"कसा झालाय चहा?" तो तिला विचारत होता.

"आलं घातलंय," ती म्हणाली. आमच्या घरात आल्याचा चहा होत नाही. मला चालत नाही.

पावणेसहा झाले. माप भरलेलं होतं. मी आत आणि ती बाहेर, मध्ये चार पावलांची जागा. तेवढी जागा मी ओलांडू शकत होतो, पण ते धरलं नसतं. पाइप फुटला तर काय करायचं ते मला कळतं. इथं काय आवळायचं ते कळत नव्हतं.

"उद्यापासून आलं घाल चहात," मी म्हणालो.

"तुम्हाला चालत नाही."

"चालेल."

तिनं चहाचा घोट घेतला.

"कौसल्या," मी म्हणालो. हे नाव मी माणसांसमोर कधी घेतलेलं नाही. "आत ये."

"हे सांगणं झालं."

जिन्यातली माणसं माझ्याकडे बघत होती. उंबरजे बशी पुसत होता, पण कान माझ्याकडेच होते.

"येतेस का?" मी विचारलं.

तिनं कप खाली ठेवला. पदर सारखा केला. चार पावलं चालली आणि उजवा पाय लावला. तांदूळ पार पलंगापर्यंत गेले.

मी तिथंच दोरा गुंडाळला. साडेचोपन्न. पुन्हा साडेचोपन्न. तिसऱ्यांदाही तेच. खात्री करायला उंबरजेलाही माप घ्यायला लावलं. त्याला सत्तेचाळीस आलं, मग सहासष्ट. त्यानं पट्टीची घडी करून खिशात ठेवली आणि खुर्ची उचलून दार लावून घेतलं.

नव्या चिठ्ठीवर मी सही केली. वेदपाठकनं दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"त्यांना चौदा दिलं होतं. तुम्हाला साडेचौदा. बोट चौदाचंच आहे, लोंढे. हे झुकतं माप आहे."

"तेच करा."

"सैल होईल."

"करा."

शुक्रवारी मी अंगठी घातली. पेरावरून सरळ गेली. आता ती भांडी घासताना निघते, कणकेत राहते, एकदा मोरीच्या जाळीवर सापडली. बायको अंगठीला आतून दोरा गुंडाळते. वेदपाठक रस्त्यात भेटला की म्हणतो, आणून द्या, अर्धा नंबर कमी करून देतो, पैसे नकोत.

मी देत नाही.