सोडायचा चेंडू

ज्या माणसाला त्या दिवशी गोल खायचा होता, त्याचं बोट गाडीच्या दारात चेमटलं आणि तिथून सगळं घोडं अडलं.

सिनेमा विनोदी होता. बेकरीतल्या कामगारांचा एक फुटबॉल संघ, ज्याला जिंकताना कुणीच कधी पाहिलेलं नाही, शेवटच्या सामन्यात चुकून जिंकतो अशी त्याची गोष्ट. चुकून म्हणजे अगदी चुकूनच. नायक धावत येतो, घसरून आडवा होतो, चेंडू त्याच्या बुडाला लागून रमतगमत गोलाकडे निघतो, आणि समोरचा गोलकीपर भलत्याच बाजूला झेपावून खांबाला मिठी मारतो. मैदान त्या एका दिवसापुरतंच मिळालं होतं आणि गोलकीपर झालेला नट सुजलेलं बोट बर्फात घालून कण्हत बसला होता.

साहाय्यक दिग्दर्शक त्याचा निळा शर्ट हातात घेऊन मैदानभर फिरत होता. नट आडमाप देहाचा असल्यामुळे तो शर्ट ज्याला चढवावा त्याच्या अंगावर गोणपाटासारखा लोंबायचा. शेवटी त्याची नजर बसच्या सावलीत उभ्या असलेल्या एका उंच माणसावर पडली. हा माणूस मोटार चालवायला शिकवण्याचा क्लास चालवायचा आणि नायकाला संघाची बस चालवायला शिकवण्यासाठी इथे येत होता.

“मास्तर, फुटबॉल येतो का हो?”

“कॉलेजात असताना गोलात उभा राहायचो.”

“उत्तम. आज नुसतं उभंच राहायचंय.”

कॉलेजात त्याला सगळे ‘फाटक’ म्हणत. पुढे ते नाव असं काही चिकटलं, की नव्या माणसांना ते त्याचं आडनावच वाटे. नावामागे दोन कारणं होती. एक, त्याच्या गोलात चेंडू उघड्या फाटकातून शिरावा तसा शिरत असे. आणि दुसरं, सामना चालू असताना त्याचं निम्मं लक्ष मैदानाच्या फाटकाकडे असे. वडील येतील म्हणून. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि सुट्टीच्या दिवशीच गिऱ्हाइकांची रीघ लागायची. “पुढच्या वेळी बघू,” असं ते म्हणत, आणि म्हणताना डोळ्याला लावलेलं भिंग काढत नसत. पुढची वेळ कधी आली नाही. हळूहळू खेळ सुटला, लग्न झालं, आई गेली, दुकान बंद झालं, आणि बापलेकांत बोलण्यासारखे विषय दोनच उरले: नळाला पाणी आलं का, आणि वर्तमानपत्र कुठे ठेवलंय.

तर फाटकला निळा शर्ट बसला. आधी चित्रित झालेल्या भागात गोलकीपरला भरघोस दाढी आणि कुरळे केस होते, म्हणून रंगभूषाकाराने त्याच्या टकलावर टोप बसवला आणि हनुवटीला दाढी डकवली. आरशात बघून फाटक स्वतःच दचकला.

इतक्यात दुसरी अडचण उभी राहिली. प्रेक्षकांची गॅलरी अर्धी रिकामी होती. साहाय्यकाने सगळ्यांना हात जोडून सांगितलं, “घरी फोन करा, नातेवाईक असतील तितके बोलवा. नुसतं बसायचंय आणि गोल झाला की नाचायचंय.” फाटकने बायकोला फोन लावला.

“मला नाही जमायचं,” ती म्हणाली. “पडद्यांचं शिवण घेऊन बसलेय. थांब, बघते कुणाला धाडता येतं का.”

कुणाला, ते तिने सांगितलं नाही, आणि त्याने विचारलं नाही.

चित्रीकरण सुरू झालं. दिग्दर्शिका बाई कामाला वाघ होत्या, पण ओरडून ओरडून त्यांचा घसा पार बसला होता, त्यामुळे त्या कुजबुजत आणि साहाय्यक तेच भोंग्यातून ओरडून सांगे. नायक धावत आला, छान घसरला, चेंडू बरोबर जिथे लागायला हवा तिथे लागला. फाटक डावीकडे झेपावणार, तेवढ्यात त्याची नजर सहज गॅलरीकडे गेली.

तिसऱ्या रांगेत, पिवळी टोपी घालून, गुडघ्यांवर हात ठेवून त्याचे वडील बसले होते.

पुढे काय झालं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. डावीकडे जायला निघालेलं शरीर उजवीकडे गेलं आणि चेंडू त्याच्या पोटाशी आला.

“कट,” बाई कुजबुजल्या.

“कट,” भोंगा गरजला. “मास्तर, सोडायचा होता तो.”

“माफ करा. चुकून झालं.”

दुसऱ्या वेळी त्याने मनाशी घोकलं: डावीकडे, डावीकडे. आणि गेलाही डावीकडे. पण पडताना त्याचा लांबलचक पाय मागे राहिला आणि चेंडू बुटावर आपटून परत गेला. तिसऱ्या वेळी साहाय्यकाने त्याला डोळे मिटायला सांगितलं. त्याने इमानदारीत मिटले. नायकाच्या बुडावरून चेंडू या खेपेला उंच उडाला आणि सरळ त्याच्या नाकावर येऊन बसला. दाढी लोंबकळली, गोल काही झाला नाही.

तरुणपणी जिवाचं रान करूनही जे जमलं नव्हतं, ते आता करायचं नसताना होत होतं. आणि लाज वाटायच्या ऐवजी फाटकच्या छातीत काहीतरी फुलत चाललं होतं. प्रत्येक वेळी उठून, माती झटकून तो चोरून तिसऱ्या रांगेकडे बघे. वडील अजून होते. उठून गेले नव्हते.

गॅलरीतली माणसं आता कंटाळली होती आणि कंटाळलेल्या माणसाला करमणूक लागते. कुणीतरी निळ्या गोलकीपरच्या नावाने टाळ्या सुरू केल्या. बघता बघता सगळी गॅलरी त्याच्या बाजूची झाली. हे नायकाला लागलं. स्वभावाने तो गरीब होता, चेंडूला घाबरायचा, पण हजार डोळ्यांदेखत एका मोटार शिकवणाऱ्याने आपल्याला असं अडवत राहावं, हे त्याला सोसेना.

“बाई, घसरणं राहू द्या. मी सरळ मारतो.”

“अहो, तुम्ही घसरता म्हणून तर लोक हसणार आहेत,” बाई कुजबुजल्या, पण साहाय्यकाने भोंगा तोंडाला लावायच्या आधीच नायकाने धाव घेतली. त्याने सगळा राग पायात आणून चेंडू हाणला. चेंडू गोलावरून, खांबावरून उडाला आणि जेवणाच्या टेबलावरच्या सूपच्या पातेल्यात पडला. पातेल्यापाशी सुजलेलं बोट घेऊन आधीचा गोलकीपर बसला होता. तो आता वरपासून खालपर्यंत भिजला आणि बोटाचं दुखणं विसरला.

चेंडू पुसून आणेपर्यंत ऊन कलायला लागलं. छायाचित्रकार आकाशाकडे बघून उसासे टाकू लागला. बाई स्वतः चालत गोलापाशी आल्या.

“मास्तर, काय अडचण आहे? तुम्ही काही आडमुठे माणूस दिसत नाही.”

फाटकने हातमोजे काढले, परत घातले. “तिसऱ्या रांगेत माझे वडील बसलेत.”

“बरं.”

“मी खेळायचो तेव्हा कधी आले नाहीत. आज पहिल्यांदा बघताहेत. त्यांच्यासमोर गोल खायला अंग तयारच होत नाही हो. मी सांगतो त्याला, ते ऐकत नाही.”

बाईंनी गॅलरीकडे बघितलं. “त्यांना दुसरीकडे बसवू का? खांबाआड?”

“नको,” तो इतक्या घाईने म्हणाला, की त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. “बसू दे तिथेच. मी सोडतो.”

“ऊन ओंजळभर उरलंय,” बाई म्हणाल्या. “एकदाच सोडा. मग जन्मभर अडवा.”

नायकाला समजावून पुन्हा घसरायला तयार केलं. तो धावत आला, पडला. चेंडू निघाला. इतका सावकाश, की फाटकला त्याच्यावरची माती दिसत होती. उजवा हात आपणहून पुढे व्हायला लागला. तो हात त्याने पोटाशी दाबून धरला, दात आवळले आणि डावीकडे झेप घेऊन खांबाला घट्ट मिठी मारली. आजारी माणसाने बिछान्याची कड धरावी तशी. मागे जाळी हलल्याचा आवाज आला, आणि मग गॅलरी फुटली.

त्याने हळूच मान वर केली. वडील बाकावर उभे होते. त्यांनी टोपी हवेत उडवली, शेजारच्या अनोळखी जाड्या बाईंचे दोन्ही हात धरले आणि त्यांच्याबरोबर गोल गोल नाचायला लागले. लेकाच्या लग्नात ते कोपऱ्यात खुर्ची धरून बसले होते. भोंगा ‘कट, कट’ म्हणून ओरडत राहिला. सगळे थांबले. वडील थांबले नाहीत.

फाटक खांबाला मिठी मारूनच बसून राहिला. हसावं की रडावं ते त्याला कळेना. आयुष्यभर ज्या आनंदाची वाट पाहिली तो अखेर वडिलांच्या तोंडावर दिसला, आणि दिसला तो त्याने गोल खाल्ल्यावर.

टोप, दाढी, निळा शर्ट उतरवून तो बाहेर आला तेव्हा वडील क्लासच्या गाडीत येऊन बसले होते. गाडी रस्त्याला लागली.

“फार नाचलात,” फाटक म्हणाला.

“नाचणार नाही तर काय. दिवसभर त्या लाकडी बाकावर बसून कंबरेचा काटा ढिला झाला. गोल झाला की सुटका, असं तो भोंगेवाला सांगत होता.” वडिलांनी गुडघे चोळले. “तू कुठे होतास रे? दिसला नाहीस. मला वाटलं, बस शिकवतोयस.”

फाटकने त्यांच्याकडे वळून बघितलं.

“पण तो दाढीवाला गोलकीपर,” वडील पुढे म्हणाले, “भलताच होता हां. सगळे त्याला सोड, सोड म्हणताहेत आणि हा गडी ऐकायला तयार नाही. नाकावर घेतला एक, पण आत जाऊ दिला नाही. मी शेजारच्या बाईंना म्हटलंसुद्धा, याच्या बापाने हे बघायला हवं होतं.”

गाडी दोन गल्ल्या ओलांडून मोठ्या रस्त्याला आली.

“तो मीच होतो, बाबा.”

“कोण?”

“गोलकीपर. दाढी चिकटवलेली होती.”

चौक आला, दिवा लाल होता, तो हिरवा झाला, गाडी निघाली. वडील त्याच्याकडे वळले.

“मग शेवटचा का सोडलास?”

“बाईंनी सांगितलं म्हणून. सिनेमात तसंच आहे.”

“बाई सांगतील. त्यांचं काय जातंय?” वडील चांगलेच तापले होते. “किती हळू येत होता. अरे, मी झोपेत धरला असता. उजवा पाय असा रेटायचा आणि हात खाली.”

असं म्हणून त्यांनी बसल्या जागी उजवा पाय जोरात रेटला. ती शिकवणाऱ्याची जागा होती आणि त्या बाजूलाही ब्रेक होता. गाडी भर चौकात गचकन थांबून बंद पडली. मागून हॉर्नचा गदारोळ उठला. वडिलांचं तिकडे लक्षच नव्हतं. कमरेतून वाकून, दोन्ही हातांची ओंजळ करून ते न आलेला चेंडू धरून बसले होते.

“असा. कळलं?”

मागचा एक ट्रकवाला काच खाली करून काहीबाही ओरडत होता. फाटकचा हात चावीपाशी गेला आणि तिथेच थांबला.

“नाही कळलं,” तो म्हणाला. “परत एकदा दाखवा.”