विकलेल्या गाईचं दावं

आमचे शेजारी पुंडलिककाका रोज सकाळी हातात दावं घेऊन गाय शोधायला निघतात. गाय त्यांनी कधीच विकली आहे. अख्ख्या शेलूबाजार गावाला हे ठाऊक आहे, कारण गाय टेम्पोत चढली त्या दिवशी काका बसथांब्यापर्यंत टेम्पोच्या मागे चालत गेले होते.

"माही गाय दिसली काय?" असं ते भर सडकेवर येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात. जीपवाले तर टपूनच बसलेले असतात. "काका, तुमची गाय आत्ताच मंगरूळच्या जीपमंदी बसली. पुढची सीट मांगत होती!"

चहाच्या टपरीवर हशा पिकतो. काका शांतपणे म्हणतात, "बसू द्या. पायी थकली असन," आणि पुढे चालू लागतात.

यात खरी पंचाईत माझी. बीपी वाढलं म्हणून डॉक्टरांनी मलाही रोज चालायला सांगितलंय. मी हौसेनं चालायचे बूट आणले आणि ते घालून पहिले काही दिवस फाटकापर्यंतच गेलो. आमच्याकडे मास्तर कामाशिवाय पायी दिसला, की दहा जण गाडी थांबवून विचारतात, "काहून सर, गाडी बिघडली काय?" शेवटी मनाचा हिय्या करून सडकेवर आलो, तर काकांनी मला जोडीला धरलं. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या बापानं टपरीवरून ओरडून विचारलं, "सर, तुमचीबी गाय हरपली काय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चालण्याचा गुण येत होता, यात वाद नाही. जिना चढताना धाप लागत नव्हती, पडल्या पडल्या झोप लागत होती. पण गावातली अब्रू रोज थोडी थोडी झिजत होती.

सगळ्यात वाईट वाटायचं ते काकू आल्यावर. मागच्या हिवाळ्यात त्यांना लकव्याचा झटका येऊन गेला. उजवा पाय ओढत, डोक्यावरचा पदर घट्ट धरून त्या घरातून निघायच्या आणि नवऱ्याला गाठायच्या.

"चाला न घरी! काहून माही इज्जत काहाडता? गाय इकली न आपुन!"

"हो वो, इसरलोच," म्हणून काका मुकाट्यानं त्यांच्याबरोबर परत फिरायचे. लोक हसायचे. मी बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून खाली वाकायचो.

परवा मला राहवलं नाही. नाल्यावरच्या छोट्या पुलियाच्या कठड्यावर काका बसले होते. मी म्हणालो, "काका, गाय नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. आजारी बाईला रोज एवढी पायपीट करायला लावता, लाज नाही वाटत?"

काकांनी दावं मांडीवर ठेवलं.

"वाटते न सर. लय वाटते. सारी जिंदगी या सडकेनं मान वर करून चाललो म्या." मग घराकडच्या वाटेकडे बघत म्हणाले, "डॉक्टर म्हने, रोज चालली त पायात जीव येईन, बसून राह्यली त पाय गेला समजा. म्या किती सांगतलं. उंबऱ्याच्या भाईर पाय नाई टाके. म्हने, लंगडत रिकामी फिरली त लोक हासतीन. मंग म्हनलं, हासाचंच हाये त मले हासा. मले हासलं का तिले खपत नाई. न्याले बराबर येते."

मी त्यांच्या शेजारी कठड्यावर टेकलो.

"पयले मी घरापुढच्या लिंबापाशी सापडो," काका म्हणाले. "मंग टपरीपाशी. आता पुलियापाशी सापडतो."

तेवढ्यात काकू आल्या. पदर खांद्यावर घसरला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. पाय अजून ओढत होता, पण चप्पल घासल्याचा आवाज कमी झाला होता.

"सर, तुमी तरी समजवा न याईले!" त्या मला म्हणाल्या.

मान वर करून त्यांच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

आज सकाळी टपरीवरून पुन्हा हाक आली, "सर, सापडली काय गाय?" माझे कान तापले. तरी थांबलो आणि काकूंच्या अंगणापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, "नाही ना. काका पुलियाच्याही पुढं गेलेत शोधायला!"