रडक्या गाण्यांची हळद

परंदवडीच्या आकाशने डीजेच्या टेम्पोवर ठळक अक्षरांत 'तरुणाईची धडकन' असं रंगवून घेतलं होतं. पण वर्षभरात ही धडकन बंदच पडत आली होती. धिंगाण्याचं गाणं लावलं की पोरं जेमतेम व्हिडिओपुरती नाचायची आणि परत खुर्चीत जाऊन बसायची. शेवटी त्याच्या आईने, रतनने, निर्वाणीचं सांगितलं, "चैतालीच्या हळदीत मांडव नाचला तर ठीक. न्हाईतर सोमवारी स्पीकर इकायचे आन् कंपनीत जायचं."

चैताली त्याची चुलतबहीण. तिच्या हळदीत आकाशने जीव तोडून वाजवलं, पण मांडव ढिम्म.

"दादा, ही जुनी झाली रे," चैतालीची मैत्रीण मानसी म्हणाली. "आता असलं कोणी ऐकत नाही. हळू, जरा दुखरं काहीतरी लाव ना."

आकाशने लावलं. पहिल्या कडव्याला मानसीने डोळे मिटले, दुसऱ्याला तिच्या शेजारणीने हुंदका दिला आणि तिसऱ्याला पाटावर बसलेली चैताली ढसाढसा रडायला लागली. तिचं बघून आत्या रडल्या. आत्यांचं बघून आजी रडली, जिला मुळात ऐकूच येत नव्हतं.

चैतालीचे वडील सीताराम घाबरले. "पोरी, मनात दुसरं कोन हाय का तुज्या?"

तिला हुंदक्यांमुळे बोलता येईना. तिने मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची हे कुणालाच कळलं नाही.

नेमकी तेव्हाच तिकोणा पेठेहून नवऱ्याकडची माणसं उष्टी हळद घेऊन आली. नवऱ्याच्या चुलत्याने, गोरखभाऊंनी, रडणारा मांडव पाहिला आणि हळदीची वाटी मागे घेतली. "पोरीला लगीन नगं आसंल तर आत्ताच सांगा. आमी हळद माघारी नेतो."

स्पीकर तर जाणारच होते, आता बहिणीचं लग्नही मोडायला निघालं. गाणं बंद करायला आकाश धावला आणि घाईत बोट पडलं ते नेमकं धिंगाण्याच्या गाण्यावर.

इतका वेळ नाच पोरांचा म्हणून चुलीपाशी भाकऱ्याच थापणारी रतन आता ही रडारड मोडायला पिठाच्या हातांनीच उठली आणि नाचायला लागली. तिच्यामागून शेजारणी उठल्या. या सगळ्या बायका दर शनिवार-रविवारी पवना धरणाकाठी, तंबूत राहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी भाकऱ्या करायला जात. तिथे हीच गाणी वाजत. कुठे उडी, कुठे गिरकी, त्यांना सगळं पाठ होतं.

गोरखभाऊंच्या मागे उभ्या असलेल्या आक्काबाईंनी पदर खोचला. त्या नवऱ्याची मावशी.

"आगं रतन, तू हितली व्हय?"

"व्हय. तुमी पल्याडच्या कॅम्पवरच्या ना?"

बोलता बोलता दोघींनी एकाच ठेक्यावर गिरकी घेतली. मग दोन्हीकडच्या बायका मिसळल्या. त्या गर्दीत गोरखभाऊंना असा धक्का लागला की थोडी हळद त्यांच्याच मिशांना लागली. ते बघून चैताली रडता रडता हसली.

"आबा, गाणंच रडकं होतं ओ," ती वडिलांना म्हणाली. "मला करायचंय लगीन."

उरलेली हळद तिला लागली. मानसी आणि तिचं टोळकं मात्र कोपऱ्यात तोंड वाकडं करून बसलं होतं. "काय ही म्हाताऱ्यांची गाणी," असं त्यांचं मत पडलं.

सोमवारी आकाश कंपनीत गेला नाही. तिकोणा पेठेच्या महिला बचत गटाची सुपारी आली होती. रतनने पेंटरला बोलावून टेम्पोवरचं 'तरुणाईची' पुसायला लावलं आणि तिथे 'मावश्यांची' लिहून घेतलं.

"आन् पुढचं?" पेंटरने विचारलं.

"धडकन ऱ्हाऊ दे," रतन म्हणाली. "ती चालू हाय अजून."