रात्रीचा रकाना आणि सकाळची साखर

माझी नजर घारीची, कान सशाचे आणि बुद्धी कशासारखी, याचा शोध अजून चालू आहे. असा मी गुप्तहेर. गुन्हेगार माझं नाव ऐकून हसतात. पण ते भीतीनेच, असा माझा निष्कर्ष आहे.

प्रकरण घरातलंच निघालं. आमचा दादा टेलिफोन केंद्रातून निवृत्त झालेला, जन्मभर रात्रपाळी केलेला माणूस. त्याच्या रक्तातली साखर चढली, म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्याला रोजच्या खाण्याची डायरी ठेवायला लावली. सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने. रात्रीच्या रकान्यात फक्त सूप आणि काकडी. सकाळी उपाशीपोटी तपासलेली साखर मात्र आभाळाला टेकलेली.

"पुढच्या वेळी उतरली नाही, तर रोज इंजेक्शन," बाई म्हणाल्या. वरच्या साहेबालाही न भ्यालेला दादा सुईच्या नावाने पांढराफटक पडला. मी लगेच तपास हाती घेतला.

पहिला संशय सूपवर.

"वहिनी, सूपमध्ये साखर कोण घालतं?"

"मी मीठ घालते, भावजी. थोडं उरलंय. तुमच्या जखमेवर चोळू?"

उत्तर टाळलं, म्हणजे संशय पक्का. तरी मी मोठ्या मनाने पुढे सरकलो. दुसरा संशय प्रयोगशाळेवर: रक्ताच्या बाटल्यांची अदलाबदल. पुराव्यासाठी मी स्वतःचं रक्त तपासून घेतलं. माझीही साखर चढलेली निघाली. मी विजयी मुद्रेने अहवाल बाईंसमोर ठेवला. त्यांनी मलाही एक डायरी दिली.

मी तिसऱ्या संशयाच्या वाटेवर असताना वहिनी दादाची डायरी चाळत होती. घरातला पाव रोज कुठे जातो, याची तिला चिंता.

"अहो, सकाळच्या रकान्यात पाव, लोणी, जॅम, दोन केळी? सकाळी तर तुम्ही नुसता चहा घेता."

"बारा वाजले की तारीख बदलते," दादा शांतपणे म्हणाला. "बारानंतरची नोंद उद्याच्या पानावर, सकाळच्या रकान्यात. सगळी नोकरी तशीच केली. एक नोंद चुकवली नाही मी."

म्हणजे झोपमोड झाली की हा उठून उद्याची न्याहारी आजच उरकत होता आणि प्रामाणिकपणे लिहीतही होता. बाईंनी त्याच रकान्यावर 'भरपेट न्याहारी, उत्तम' असा शेरा मारला होता.

"माझा संशय त्याच दिशेला होता," मी म्हणालो. कोणी लक्ष दिलं नाही.

वहिनीने दादासकट डायरी बाईंपुढे नेऊन ठेवली. बाईंनी कपाळाला हात लावला.

"इंजेक्शनची गरज नाही," त्या म्हणाल्या. "फक्त बारानंतरचं खाणं आजपासून बंद."

दादाच्या चेहऱ्यावर रंग परतला, आणि तेवढ्याच वेगाने उतरलाही. त्याने डायरीतला सकाळचा रकाना एकदा बघून घेतला. मग हळूच विचारलं,

"ती सुई खरंच फार दुखते का हो?"